भाड्याची वर्दळ

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्या काकांनी विचारलं, "ताई, तुम्ही नोकरी कुठं करता?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर असते." काका चिवट निघाले. "म्हणजे नेमकं काय करता?" आता काय सांगू, कपाळ? खरं उत्तर असं होतं की जिथं कुणी फिरकत नाही तिथं जाऊन मी गर्दी करते आणि त्याचा मला पगार मिळतो. पण हे भर बैठकीत बोलले असते तर त्यांनी पोहे तसेच ठेवून चपला घातल्या असत्या. म्हणून "डेटा एन्ट्री" म्हणाले आणि मोकळी झाले. मुलीचा संसार आता मार्गी लागलाय, मीही घरी बसलेय, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकते.

या नोकरीआधी मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची. त्या वयाच्या बाईला कोण दारात उभं करतं? तीन ठिकाणी "कळवतो" ऐकून आले. चौथ्या ठिकाणी कौस्तुभ भेटला. ठाण्याचा मुलगा, इंजिनियर, तिशीसुद्धा नव्हती. एमआयडीसीतच एका गाळ्यात वीसेक कॉम्प्युटर मांडून बसलेला. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही सलग आठ तास एका जागी बसू शकता का?" मी म्हटलं, "अरे बाबा, चोवीस वर्षं तेच केलंय." दुसऱ्या दिवसापासून कामावर.

आता धंदा काय ते सांगते. इंटरनेटवर काही जगं असतात. खेळ नव्हेत, कारण तिथं जिंकणं-हरणं नाही. आपण आपली एक बाहुली बनवायची, तिला कपडे घालायचे, नाव द्यायचं आणि त्या जगात हिंडायचं. तिथं बाजार असतात, नाचायचे क्लब असतात, समुद्रकिनारे असतात, लोक प्लॉट घेतात, त्यावर घरं बांधतात. दुसऱ्या बाहुल्या भेटतात, त्यांच्यामागं कुठल्या तरी देशातली खरी माणसं बसलेली असतात. टाइप करून त्यांच्याशी बोलायचं. आता अशा जागा तिथं ढिगानं. नवीन माणसानं जायचं कुठं? म्हणून ते जग एक यादी दाखवतं. ज्या जागी जास्त बाहुल्या जास्त वेळ थांबतात, ती जागा यादीत वर. आम्ही त्याला वर्दळीचा आकडा म्हणायचो. वडापावच्या ज्या गाडीवर चार माणसं उभी असतात तिथंच पाचवा थांबतो, तसलाच प्रकार. ती पहिली चार माणसं म्हणजे आम्ही.

एकेक बाई दोन-तीन बाहुल्या सांभाळायची. सकाळी सहा ते दोन ड्युटी, कारण आमची सकाळ म्हणजे गिऱ्हाइकांची संध्याकाळ. बाहुलीला दुकानात नेऊन बाकावर बसवायचं नाहीतर क्लबात नाचायला लावायचं आणि दर थोड्या वेळानं हलवायचं, नाहीतर ते जग तिला झोपली समजून बाहेर काढतं. कौस्तुभचा नियम एकच, बोलायचं नाही. कुणी बोललंच तर "हाय" आणि एक हसरा चेहरा. माझे यजमान या सगळ्याला भुताटकी म्हणायचे. शेजारी विचारायचे, "वहिनी एवढ्या पहाटे कुठं जातात?" तर हे सांगायचे, "क्लबात नाचायला." आणि वर हसायचे. मी घरी येऊन यांना फैलावर घ्यायची.

मी महिन्याभरात पाचजणींच्या गटाची मुख्य झाले. त्यात दिवा स्टेशनजवळ राहणारी विमल, मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याचा आधार नाही, पदरात एक मुलगी. दुसरी सुगंधा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आवाज असा की हेडफोनची गरज नाही. आणि शहाडच्या दोघी नणंद-भावजय, ज्यांच्यात विस्तव जात नसे, पण येणं-जाणं एकाच रिक्षातून.

फजित्या खूप झाल्या. एकदा एका गिऱ्हाइकाच्या क्लबाचं उद्घाटन होतं. आमच्या चाळीस बाहुल्या तिथं नाचत होत्या, खरी माणसंही यायला लागली होती, मालक खुशीत. कौस्तुभनं मुहूर्त धरला होता शुक्रवारचा. डोंबिवलीत शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण ठाण्याच्या माणसाला कोण सांगणार? बरोबर साडेनऊला लाइट गेली आणि नाचता नाचता चाळीसच्या चाळीस पाहुणे अदृश्य झाले. उरलेल्या खऱ्या माणसांना वाटलं काहीतरी भयंकर घडलं, तीही पळाली. कौस्तुभ गाळ्याच्या अंधारात डोकं धरून बसला. मी म्हटलं, "अरे, विचारायचंस तरी!" दुसऱ्या आठवड्यात इन्व्हर्टर आला.

दुसरी गंमत सुगंधाची. एक प्लॉट विकणारा गिऱ्हाईक होता. त्याचं म्हणणं, तुमच्या बाहुल्यांनी खऱ्या गिऱ्हाइकासमोर बोली लावून भाव चढवायचा. सुगंधाला नीट समजावलं. तिथं गेल्यावर त्या माणसानं भाव सांगितला आणि बाईंनी जन्माच्या सवयीनं तो निम्म्यावर आणला. तेवढ्यावर थांबली नाही, प्लॉट उतारावर आहे, पाणी तुंबेल, असं काय काय टाइप केलं. खरा गिऱ्हाईक ते वाचून निघून गेला. मी तिच्यावर ओरडले तर म्हणते, "मी काय करू गो ताई? पयला भाव कोन देतो काय? भाव पाडल्याबिगर मना चैनच परत नाय."

हसायला येतं, पण हेही खरं की आम्ही फसवणूक करत होतो. आम्ही ज्याला वर चढवलं, त्याच्यापायी कुणीतरी खाली गेला असणार. एखाद्यानं हौसेनं चांगलं दुकान थाटलं असेल आणि भाड्याची माणसं आणायची ऐपत नसेल. तो आपल्या रिकाम्या दुकानात उभा राहून विचार करत असेल की माझं चुकलं काय. तेव्हा हे डोक्यातच आलं नाही. मुलीच्या कॉलेजची फी दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं.

नोराबाईंचं काम आलं ते मात्र वेगळंच होतं. पत्र त्यांच्या मुलाचं होतं, परदेशातून. कौस्तुभनं ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून चालता येत नाही, एका थंड गावात एकटी राहते. त्या जगात तिनं एक तळं बांधलंय. काठावर झाडं, एक लाकडी पूल, दोन बाकं. सगळं स्वतः शिकून, एकेक पान लावून. रोज संध्याकाळी ती तिथं जाऊन उभी राहते, पण कुणी येत नाही. ती म्हणते, या वर्षी कुणी आलं नाही तर मी हे बंद करणार. पुढं मुलानं लिहिलं होतं, "माझी आई दिवसातून एकदाच बिछान्यातून उठून खुर्चीत बसते, ती या तळ्यासाठी. ते बंद झालं तर ती उठणार नाही. तुमची माणसं पाठवा. पण तिला कळता कामा नये."

आम्ही बारा बाहुल्या तयार केल्या. मी कॅनडाची शिक्षिका, कुणी ब्राझीलची नर्स, एक दाढीवाला नॉर्वेचा सुतार. पाचजणींत बारा वाटून घेतल्या आणि दिवसाआड चार-चार, पाच-पाच करून तळ्यावर जायला लागलो.

पहिल्याच दिवशी नियम मोडला. नोराबाईंची बाहुली समोर आली, पांढरे केस, निळं स्वेटर. म्हणाल्या, "तुम्ही आलात! बसा ना. थकला असाल." आता मला सांगा, यजमानीण "बसा, थकला असाल" म्हणते आणि पाहुणीनं नुसता हसरा चेहरा टाकायचा? विमलनं माझ्याकडं पाहिलं. "ताई, हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, "बोल, पण जपून." तिचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. नोराबाईंनी ते हळूहळू सुधारलं. चूक दाखवून नव्हे, तर विमलनं मोडकंतोडकं लिहिलेलं वाक्य आपल्या उत्तरात नीट करून पुन्हा लिहायच्या. त्या पूर्वी शाळेत लायब्ररी सांभाळायच्या, ती सवय असावी. शहाडची भावजय बाळंतपणाच्या रजेवरून आली तेव्हा तिची "ब्राझीलची नर्स" इतके दिवस कुठं होती म्हणून नोराबाईंनी काळजीनं विचारलं. तिच्या स्वतःच्या नणंदेनं विचारलं नव्हतं. त्या एका वर्षात आम्ही पाचजणी त्या तळ्याकडं कामाला जात नव्हतो, माहेरी जात होतो. मी हे अगदी मनापासून सांगते. यजमानांची नोकरी डळमळीत होती, घरी धुसफुस असायची आणि सकाळी तिथल्या बाकावर बाहुली टेकवली की माझं डोकं शांत व्हायचं.

मग संक्रांत आली. विमल म्हणाली, "ताई, वर्षभर तिच्याकडं बसतोय. सणाला हात हलवत जायचं?" त्या जगात वस्तू बनवता येतात. विमल ते शिकलेली, नोराबाईंनीच शिकवलेलं. तिनं कुंकवाचा एक करंडा बनवला. लाल, त्यावर पिवळे ठिपके, झाकण उघडणारा. इतका सुरेख की मीच हरखून गेले. वाण म्हणून तो नोराबाईंना द्यायचा ठरलं. इथं माझी अक्कल पेंड खायला गेली. मी म्हटलं, "बाहुल्या कुणाच्या कुणी नाहीत, सगळे वेगवेगळे पाहुणे. चारजणांनी दिलं आणि बाकीचे रिकाम्या हातानं उभे राहिले तर ते वाईट दिसेल. सगळ्यांनी द्या." शिवाय वाण म्हटलं की सगळ्यांचं एकसारखं, हे तर आपल्या हाडात भिनलेलं. वेगवेगळ्या वस्तू द्याव्यात हे पाचजणींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

सणाच्या सकाळी बाराच्या बारा बाहुल्या तळ्यावर. कॅनडाच्या शिक्षिकेनं वाकून करंडा दिला. नोराबाई खूश. ब्राझीलच्या नर्सनं तोच करंडा दिला. मग तिसरीनं, चौथीनं. मग दाढीवाला नॉर्वेचा सुतार पुढं आला आणि त्यानंही कुंकवाचा करंडा दिला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पण रांग सुरू झाली होती, शहाडच्या नणंदेला थांबवेपर्यंत बारावा करंडा देऊन झाला. नोराबाईंनी ते सगळे पुलाच्या कठड्यावर ओळीनं मांडले. मग माझ्या बाहुलीला विचारलं, "तुम्ही सगळे एकाच घरातून येता का?"

कौस्तुभ माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. "ताई, नाही म्हणा. योगायोग म्हणा. तिच्या मुलानं काय लिहिलंय, आठवतंय ना?" विमल रडायला लागली होती. मी चोवीस वर्षं टेलिफोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगितलेली बाई, खोटं माझ्या जिभेवर कायम तयार. पण नोराबाईंना नाही सांगता आलं. मी लिहिलं, "हो. आम्ही बाराजण नाही, पाच बायका आहोत. भारतात असतो. आम्हाला पाठवतात."

"माझा मुलगा पाठवतो," त्यांनी लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, "एकच सांगा. तुमची कामाची वेळ संपल्यावर, कुणी न पाठवता, तुमच्यापैकी एकजण तरी इथं कधी आलं होतं?"

मी चौघींकडं पाहिलं. कुणी मान वर केली नाही. मीही कधी गेले नव्हते. दोन वाजले की बॅग उचलून घरी, मग स्वयंपाक, बाजार. मी लिहिलं, "नाही."

त्यांची बाहुली नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तळ्याचं फाटक बंद होतं, कुणालाच आत सोडत नव्हतं. दोन दिवसांनी मुलाचं पत्र आलं, दोनच ओळींचं. काम थांबवा, आणि आई दोन दिवस उठलेली नाही. कौस्तुभनं पत्र वाचून कागद टेबलावर ठेवला. माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले. पण तो म्हणाला, "ताई, तुमच्या जागी मीसुद्धा तिला तेच लिहिलं असतं बहुतेक." त्या मुलाचे माझ्यावर खूप उपकार आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा.

ते आठवडे वाईट गेले. क्लबात बाहुल्या नाचवायचो, पण मन लागायचं नाही. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तळ्याचं फाटक बघणं. बंद. विमल म्हणायची, "ताई, उठली असंल का गं ती?" मला काय माहीत? एका बाईला आपण अंथरुणाला खिळवलं, एवढंच माहीत होतं. घरी यजमानांना सांगितलं तर यांनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

जवळजवळ महिन्यानं माझ्या बाहुलीला निरोप आला. "फाटक उघडं ठेवलंय. मुलाला सांगितलंय, यापुढं कुणालाही पाठवायचं नाही." बस, एवढंच. या असंही नाही, येऊ नका असंही नाही. मी डब्याच्या वेळी चौघींना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मी जाणार. पण ऑफिसातून नाही, आणि ऑफिसची बाहुली घेऊन तर नाहीच. रविवारी घरून जाईन." चौघी डबे आवरायला लागल्या. चौघींकडं कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मीही "तुम्ही येता का" विचारलं नाही.

रविवारी सकाळी मुलीचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. तो असा की एक खिडकी उघडली की धापा टाकायचा. नवीन बाहुली बनवली. ना शिक्षिका, ना कॅनडा. नाव दिलं मंदा. फुकटात मिळतात ते करड्या रंगाचे कपडे. एवढं होतंय तोवर बेल वाजली. दारात विमल, आपल्या मुलीला शेजारी सोपवून दिव्याहून आलेली. म्हणाली, "ताई, मलापण जायचंय तिच्याकडं. तुमच्याकडनं जाऊ?" तिला आत घेऊन दार लावतेय तोच जिन्यातून सुगंधाचा आवाज, "मंदाताई कुठल्या माल्यावर रातात गो?" तिनं घरचे तळलेले बोंबील आणलेले. तिच्या मागोमाग शहाडच्या दोघी, एकमेकींशी न बोलता. यजमानांनी हे बघितलं, शर्ट चढवला आणि म्हणाले, "मी वर्तमानपत्र आणतो." वर्तमानपत्र टेबलावरच होतं.

कॉम्प्युटरसमोर खुर्ची एक. मी बसले, चौघी मागं पलंगाच्या कडेला, माना पुढं काढून. तळ्यावर पोचलो. नोराबाई पुलावर उभ्या होत्या, तेच निळं स्वेटर. उठल्यायत, हे बघूनच विमलनं माझा खांदा घट्ट धरला.

नवीन बाहुली बघून त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी मंदा. त्या पाचजणींतली. आज आमची सुट्टी आहे."

मग त्यांनी लिहिलं, "एकटीच आलीस?"

मी मागं वळून पाहिलं. पलंगावर दाटीवाटीनं चौघी, सुगंधाच्या मांडीवर बोंबलाचा डबा. मी लिहिलं, "नाही. पाचहीजणी आलोय. कॉम्प्युटर एकच आहे."

विश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं त्यांना. वर्षभर आम्ही पाचाचे बारा करून दाखवले होते, आणि आता एका बाहुलीकडं बोट दाखवून पाच म्हणत होतो.

"नावं सांगा," त्यांनी लिहिलं. "खरी."

मी खुर्ची सोडली. एकेक जण येऊन बसली आणि एका बोटानं आपापलं नाव लिहून उठली. शहाडच्या नणंदेनं आपलं लिहून झाल्यावर भावजयीला हाताला धरून खुर्चीत बसवलं. विमल सगळ्यात शेवटी, आणि तिनं नावापुढं लिहिलं, करंडा मी केला होता.

मी पुन्हा खुर्चीत बसले. पडद्यावर काहीच हलेना. मला वाटलं, गेल्या. मग माझ्या करड्या बाहुलीसमोरच्या बाकाजवळ एक लहानसं टेबल आलं. त्यावर चहाचा एक कप आला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा, पाचवा. एकट्या बाहुलीपुढं पाच कप, वाफेसकट.

विमल माझ्या खांद्यावरून पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, यातला माझा कुठला?"